वॉशिंग मशीनमधला इलेक्ट्रिक दोष शोधताना: आधी भिंत, मग केबल, पीसीबी सगळ्यात शेवटी

मशीन बंद पडलं की बहुतेक घरांत सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर ‘कंडेन्सर (म्हणजे मोटरचा कॅपॅसिटर) गेला असणार’ म्हणून बाजारातून नवा आणला जातो. फुल्ली ऑटोमॅटिक असेल तर थेट पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बोर्ड) बदलली जाते आणि काही हजार रुपये जातात. सॉकेटमध्ये मीटर लावून कुणी पाहिलेलंच नसतं. मिरजेपासून कराडपर्यंत अशी कितीतरी मशीन मी उघडली आहेत, ज्यांत आधी बदललेला पार्ट नवाकोरा होता आणि मूळ दोष प्लगच्या पिनेपाशी तसाच होता.

पुढचा क्रम विजेच्या वाटेने जातो: भिंतीतून प्लगमध्ये, प्लगमधून केबलमध्ये, तिथून स्विच, टायमर, मोटर. कंटाळा आला म्हणून टप्पा गाळू नका. मागचा टप्पा पास झालेला असेल तरच पुढच्या रीडिंगला अर्थ असतो.

तयारी

कॅपॅसिटन्स मोजणारा डिजिटल मल्टीमीटर घ्या. बाकी स्टार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, ८ आणि १० नंबरचे बॉक्स पाने, टॉर्च, नावं लिहायला चिकटपट्टी आणि फोटो काढायला मोबाईल. एका होल्डरमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी बाहेर काढून ठेवा. वायरींची टोकं फक्त अर्धा सेंटिमीटर उघडी ठेवा. कॅपॅसिटरमधला साठलेला चार्ज काढायला तो बल्ब लागेल. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

मीटर आधी तपासा. ओहमवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा कमी आलं पाहिजे. मग नक्की चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये एसी व्होल्ट मोजा. २३० च्या जवळपास दिसलं की मीटरवर भरवसा ठेवता येतो.

इशारा: मीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात राहिली आणि प्रोब सॉकेटमध्ये घातले तर थेट शॉर्ट होतो. प्रत्येक वेळी वायर कुठल्या भोकात आहे ते डोळ्यांनी बघा.

मशीनच्या आत हात घालण्याआधी प्लग सॉकेटमधून बाहेर काढायचा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करणं पुरत नाही. बटण एकच वायर तोडतं, आणि आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये ते कधी कधी चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद असूनही मशीनच्या आत फेज पोहोचलेलाच असतो. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी नकळत लावणार नाही.

मोरी ओली असेल तर मशीन कोरड्या जागी ओढून घ्या आणि पायात रबरी चप्पल असू द्या. वॉरंटी शिल्लक असेल तर चौथ्या टप्प्यानंतर थांबा, मशीन उघडू नका.

## टप्पा १: नेमकं काय होतंय ते लिहून काढा

‘मशीन चालत नाही’ हे लक्षण पुरेसं नाही. कागदावर ही उत्तरं लिहा:

१. काहीच होत नाही, की दिवा किंवा डिस्प्ले लागतो?
२. वॉश आणि स्पिन दोन्ही बंद आहेत की एकच?
३. मोटर हुंऽ असा आवाज करून जागेवर राहते का?
४. चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडतं आणि गार झाल्यावर पुन्हा चालतं का?
५. एमसीबी पडतो की आरसीसीबी? आणि कधी: प्लग लावताक्षणी, बटण दाबल्यावर, की काही मिनिटांनी?
६. बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात का?

पाचव्या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. दोन्ही मेन बोर्डवरचे आपोआप पडणारे स्विच आहेत. एमसीबी जास्त करंट ओढला की पडतो, म्हणजे शॉर्ट किंवा अडकलेली मोटर. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं आणि घरात तो साधारण ३० मिलीअँपिअरचा असतो. करंट अर्थमध्ये गळायला लागला की तो पडतो. मेकॅनिकला फोन करताना ‘ट्रिप होतंय’ एवढंच सांगू नका, कोणता पडतोय तेही सांगा. अर्धा दोष तिथेच कळतो.

मशीनचं बटण बंद असताना नुसता प्लग घातला आणि आरसीसीबी पडला, तर बरेच जण आरसीसीबीच खराब ठरवतात. तसं नसतं. बटणाने फेज तुटलेला असला तरी न्यूट्रल जोडलेलाच असतो, आणि तो आत कुठे बॉडीला टेकला असेल तर आरसीसीबी पडू शकतो. चौथ्या टप्प्यात हे सापडेल.

## टप्पा २: सॉकेट

समोरून पाहताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल. बटण चालू करून तीन रीडिंग घ्या:

- फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास.
- फेज ते अर्थ: जवळपास तेवढंच.
- न्यूट्रल ते अर्थ: दोन-चार व्होल्ट, फार तर पाच.

फेज-न्यूट्रल रीडिंग येतच नसेल, पण टेस्टर पेटत असेल, तर न्यूट्रल तुटला आहे. टेस्टर फक्त फेज दाखवतो, परतीची वाट आहे की नाही हे त्याला कळत नाही. त्या लाईनवर एखादं उपकरण चालू अवस्थेत असेल तर टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. हे दिसलं तर मशीनला हात लावू नका, दोष बोर्डमध्ये किंवा त्याच्या मागे आहे.

मग लोडवर मोजा. रिकाम्या सॉकेटमध्ये २३० दिसतं आणि मोटर सुरू होताच ते कोसळतं, असं सैल स्क्रू आणि काळवंडलेल्या सॉकेटमध्ये हमखास होतं. त्याच बोर्डवरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये प्रोब धरा आणि मशीन सुरू करायला सांगा. २३० चं २२० झालं तर ठीक. २०० च्या खाली गेलं तर शेजारच्या घरात किंवा दुसऱ्या खोलीत त्याच वेळी किती आहे ते बघा. सगळीकडेच कमी असेल तर पुरवठ्याचा प्रश्न आहे. खेड्यात पाण्याच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की असं होतं आणि तेव्हा मशीन न लावणंच बरं. फक्त याच बोर्डवर पडत असेल तर वायरमन बोलवा.

उलट, व्होल्टेज २६० च्या वर दिसलं किंवा दिवे अचानक भगभगीत झाले, तर मेन स्विच पाडा आणि महावितरणच्या १९१२ वर तक्रार द्या. विजेच्या मीटरपाशी किंवा खांबावर न्यूट्रल सैल झाला की व्होल्टेज ३०० च्याही पुढे जाऊ शकतं. पीसीबी जळण्याचं हे एक मोठं कारण आहे. न्यूट्रल न तपासता नवी पीसीबी बसवली तर तीही त्याच वाटेने जाते.

तपासा: प्लग काढल्यावर सॉकेटचं तोंड पिवळं किंवा वितळलेलं आहे का? पिना गरम लागतात का? हो असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुन्यातली सैल पकड नव्यालाही खराब करते.

हीटर असलेलं फ्रंट लोड मशीन २००० वॅटपर्यंत, म्हणजे ८ ते ९ अँपिअर ओढतं. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र लाईन लागते. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन घालून किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर ते चालवू नका.

## टप्पा ३: अर्थिंग आणि झिणझिण्या

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण या दोषाने माणूस जाऊ शकतो. तरीही लोक मशीनखाली लाकडी फळी सरकवतात, घरच्यांना ‘चप्पल घालूनच हात लाव’ म्हणून सांगतात आणि वर्षानुवर्षं चालवतात.

झिणझिण्या येण्याची कारणं दोन. पहिलं: आत मोटर, हीटर किंवा एखादी वायर बॉडीला टेकली आहे. दुसरं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पीसीबी असलेल्या मशीनमध्ये आत नॉइज फिल्टर असतो आणि त्यातले छोटे कॅपॅसिटर फेज-न्यूट्रलपासून बॉडीकडे जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तो क्षुल्लक करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर बॉडीवर साधारण निम्मं, म्हणजे ११० च्या आसपास व्होल्टेज तरंगतं. अशा वेळी मशीनमध्ये दोष नसतो, घराचं अर्थिंग गेलेलं असतं. पण उद्या मशीनमध्ये खराच दोष आला तर अडवायला काही उरलेलं नसतं, म्हणून यालाही किरकोळ समजू नका.

दोन्हींतला फरक असा ओळखा. मागच्या टप्प्यात फेज-अर्थ २३० ऐवजी शंभरच्या आसपास किंवा सतत हलणारं रीडिंग आलं तर अर्थ तुटला आहे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत वरच्या भोकाला वायरच नसते. पूर्वी काही ठिकाणी नळाच्या लोखंडी पाइपला अर्थ बांधलेला असायचा. पाइप प्लॅस्टिकचे झाले आणि तो अर्थ कधी तुटला ते कुणाला कळलंही नाही.

इशारा: सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून ‘अर्थ तयार’ करणारे आहेत. हे प्राणघातक आहे. मागे न्यूट्रल तुटला की मशीनची बॉडी पूर्ण २३० व्होल्टने भारली जाते.

इशारा: फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थ तपासण्याची पद्धत घरी वापरू नका. अर्थ खराब असेल तर त्या क्षणी त्याच अर्थवर असलेल्या फ्रीजची, गीझरची बॉडी जिवंत होते. हे काम वायरमनचं.

अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत मशीन वापरू नका.

## टप्पा ४: मशीन न उघडता प्लगवरून परीक्षा

सेमी-ऑटोमॅटिकसाठी ही सगळ्यात उपयोगाची चाचणी आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. या मशीनचे टायमर स्प्रिंगवर चालतात, त्यांना वीज लागत नाही. म्हणून प्लग हातात धरूनच आतली अर्धी वाट मोजता येते.

१. प्लग बाहेर. मीटर २०० ओहमवर. प्रोब दोन लहान पिनांवर. दोन्ही टायमर शून्यावर असताना रीडिंग येता कामा नये. शून्याच्या जवळ काही आलं तर आत किंवा केबलमध्ये शॉर्ट आहे.

२. वॉश टायमर पाच मिनिटांवर फिरवा. नॉब ‘ड्रेन’वर नसेल हे बघा. बहुधा दोन आकडी ओहम दिसतील, मग टायमरच्या विश्रांतीत रीडिंग जाईल, मग उलट दिशेसाठी परत येईल. हे येणं-जाणं निदान दोनदा पाहा. एक दिशा येते आणि दुसरी कधीच येत नाही, तर टायमरचा एक कॉन्टॅक्ट किंवा मोटरची एक वायर गेली. असं मशीन कपडे एकाच बाजूला फिरवतं.

३. स्पिनचं झाकण बंद करून स्पिन टायमर फिरवा. रीडिंग आलं पाहिजे. झाकण उघडताच ते गेलं पाहिजे.

४. दोन्हीकडे काहीच येत नसेल तर केबल किंवा आतला न्यूट्रलचा जोड तुटला. केबल प्लगपासून इंच-इंच वाकवत जा. एखाद्या ठिकाणी रीडिंग उड्या मारायला लागलं तर तिथेच तार तुटली आहे. प्लगच्या तोंडापाशी आणि केबल मशीनमध्ये शिरते तिथे बहुतेक वेळा सापडते.

५. आता गळती. मीटर सगळ्यात मोठ्या, म्हणजे २० मेगाओहमच्या रेंजवर. एक प्रोब वरच्या जाड पिनेवर, दुसरा आळीपाळीने लहान पिनांवर. टायमर चालू अवस्थेत ठेवा. रीडिंग येऊ नये. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मशीन परत सॉकेटला लावू नका. एक गोष्ट लक्षात ठेवा: मीटर स्वतःच्या बॅटरीवर मोजतो, म्हणून त्याने ‘ठीक’ म्हटलं तरी ते पक्कं नसतं. पक्कं उत्तर ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारं यंत्र) देतो. आरसीसीबी पडतोय आणि मीटर काही दाखवत नाही, अशा वेळी मेगर असलेला माणूस शोधा.

६. जाड पिन ते मशीनच्या मागचा लोखंडी पत्रा किंवा मोटरची बॉडी: १ ओहमच्या आत. जास्त आलं तर आतली हिरवी वायर सुटली आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीत रीडिंग व्यवस्थित आलं, तर केबल, टायमर, झाकणाचा स्विच आणि मोटरची मुख्य वाट शाबूत आहे. मग उरतो कॅपॅसिटर, ब्रेक किंवा अडकलेलं काही. टायमर विकत आणायची गरज नाही.

## टप्पा ५: उघडणं

मागचं कव्हर काढण्याआधी नळ बंद, पाणी पूर्ण काढलेलं, प्लग डोळ्यांसमोर. उघडल्याबरोबर काहीही हलवायच्या आधी तीन-चार फोटो काढा. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी दोन वेगळ्या कामांच्या असू शकतात. रंगावर विसंबू नका, काढलेल्या प्रत्येक वायरीला पट्टी लावून नाव लिहा.

आधी मीटर नको, डोळे आणि नाक वापरा. जळका वास, काळा पडलेला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड), हिरवट गंज चढलेला जोड, फुगलेला कॅपॅसिटर, तेलकट डाग. आणि उंदीर. कृष्णाकाठच्या गावांत ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि मशीनचं उबदार तळ त्यांना आवडतं. कुरतडलेली वायर बहुतेक वेळा खालच्या बाजूला, मोटरजवळ असते. एक सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताखालून जाऊ द्या. जोड पिळून नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. इथे सतत थरथर आणि ओल असते. लग किंवा क्रिम्प जोड आणि वर हीट-श्रिंक नळी वापरा.

## टप्पा ६: कॅपॅसिटर

इशारा: प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. बल्बच्या दोन वायरी प्लॅस्टिकच्या भागाला धरून त्याच्या दोन टोकांना काही सेकंद टेकवा, मग मीटर व्होल्टवर ठेवून शून्य असल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. त्यात कॅपॅसिटरही जातो आणि डोळ्यालाही इजा होते.

वायरी काढून कॅपॅसिटन्स मोजा. लेबलवर १० एमएफडी (मायक्रोफॅरड, कॅपॅसिटन्सचं माप) ±५% लिहिलं असेल तर ९.५ ते १०.५ मध्ये यायला हवा. आठ-साडेआठ आला तर बदला. अशाने मोटर रिकामी फिरते, पण चादरी टाकल्या की अडखळते. वॉश आणि स्पिनचे आकडे वेगळे असतात, स्पिनचा बहुधा लहान. काही मशीनमध्ये दोन्ही एकाच डब्यात असतात, तेव्हा तीन किंवा चार वायरी निघतात आणि दोन्ही भाग वेगवेगळे मोजावे लागतात.

नवा घेताना एमएफडी तेवढाच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. ‘थोडा मोठा टाकू, जोर वाढेल’ ही समजूत मोटर जाळते. मोठ्या कॅपॅसिटरने वाइंडिंगमधून (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून) जास्त करंट जातो आणि ती गरम होते. दुकानात जाताना जुना बरोबर न्या.

## टप्पा ७: मोटर आणि अडकलेलं यंत्र

हुंऽ आवाज येतो पण फिरत नाही, तेव्हा बरेच जण मशीन चालू ठेवून हाताने पल्सेटरला (टबच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीला) धक्का देतात. बोटं जातील. प्लग काढून बेल्ट उतरवा आणि दोन्हीकडून हाताने फिरवा. मोटरची पुली मोकळी आणि पल्सेटर जड, तर दोष यंत्राचा आहे: खाली अडकलेलं नाणं, ब्लाउजचा हूक, किंवा पाणी शिरून गंजलेला गिअरबॉक्स. स्पिनच्या बाजूला ब्रेकची तार बघा. झाकण बंद केल्यावर ब्रेक सुटला पाहिजे. तार ताणली गेली किंवा गंजली की ब्रेक लागलेलाच राहतो, मोटर घुमते, तापते आणि विनाकारण कॅपॅसिटर बदलला जातो.

मोटरच्या तीन वायरी टायमर आणि कॅपॅसिटरपासून सोडवून मोजा. वॉश मोटर दोन्ही दिशांना सारखीच फिरायची असते, म्हणून कॉमनपासून (दोन्ही वाइंडिंगच्या सामायिक वायरीपासून) बाकीच्या दोन्ही वायरींना जवळपास सारखं रीडिंग येतं आणि त्या दोन वायरींमध्ये दोघांची बेरीज येते. उदाहरणार्थ २२, २२ आणि ४४. बावीस आणि तीस असं दिसलं तर एक वाइंडिंग बिघडत चाललं आहे. स्पिन मोटरमध्ये मात्र दोन वाइंडिंग वेगळी असतात, तिथे फरक दिसणारच. त्या फरकामुळे चांगली मोटर रिवाइंडिंगला जाताना मी पाहिली आहे. बेरीज जमते का एवढंच तिथे बघायचं.

कुठेच रीडिंग नाही आणि मोटर गरम आहे, तर आतला थर्मल कटआउट (मोटर तापली की वाट तोडणारा स्विच) उघडला असेल. पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा मोजा. परत आलं तर मोटर चांगली असू शकते. ती तापली का, याचं कारण शोधा: जास्त कपडे, कमी व्होल्टेज, कमजोर कॅपॅसिटर, घासणारा ब्रेक.

शेवटी प्रत्येक वायर ते मोटरची बॉडी, मेगाओहम रेंजवर. काहीही येऊ नये.

## टप्पा ८: फुल्ली ऑटोमॅटिक आणि फ्रंट लोड

इथे प्लगवरची चाचणी चालत नाही, कारण मधे पीसीबी असते. घरी करण्यासारख्या गोष्टी थोड्याच.

डिस्प्लेवरचा एरर कोड लिहून घ्या आणि मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत बघा. एकाच कोडचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या मॉडेलच्या व्हिडिओवरून पार्ट मागवू नका.

पाणी येत नसेल तर आधी नळ, टाकीतली पातळी आणि इनलेटची बारीक जाळी. तासगाव, जतकडे बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तिथे लवकर धरतो. मग व्हॉल्व्हची कॉइल: २३० व्होल्टच्या कॉइलला साधारण साडेतीन ते पाच हजार ओहम येतात. रीडिंगच नसेल तर कॉइल तुटली.

फ्रंट लोडमध्ये थंड पाण्यावर सगळं ठीक आणि गरम प्रोग्रॅमवर काही मिनिटांनी आरसीसीबी पडतो, तर हीटर. दोन टोकांमध्ये १८०० ते २००० वॅटला साधारण २६ ते ३० ओहम यावेत, आणि टोकापासून हीटरच्या धातूकडे काहीच येऊ नये. ओहम बरोबर आले म्हणून हीटर चांगला समजू नका. गळणाऱ्या हीटरचे ओहमही बहुतेक वेळा बरोबरच असतात, म्हणून दुसरं रीडिंग घ्यायलाच हवं.

दरवाजा बंद होऊनही सुरू होत नसेल तर डोअर लॉकचा खटका येतो का ऐका. जुन्या कार्बन ब्रशच्या मोटरमध्ये ड्रम फिरत नसेल तर ब्रशची लांबी बघा.

इशारा: इन्व्हर्टर मशीनच्या कंट्रोलमध्ये प्लग काढल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो. ते कव्हर घरी उघडू नका.

पीसीबीकडे वळायचं ते इथे, आधी नाही. प्लग काढून थोडा वेळ थांबा आणि साध्या मशीनमध्ये बाहेरून दिसतं तेवढंच बघा. इनपुटजवळची निळी चकती, म्हणजे जास्त व्होल्टेज झेलणारा एमओव्ही, फुटलेली किंवा काळी असेल तर जास्त व्होल्टेज येऊन गेलं आहे. अशा वेळी दुसरा टप्पा पुन्हा करा आणि मीटरपाशी न्यूट्रल तपासून घ्या, मगच नवी पीसीबी. पाटण, जावळीच्या पावसात बोर्डवर ओल धरून होणारे दोष वेगळे. तिथे कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसतो आणि नुसता कनेक्टर साफ केल्यावर मशीन चालू झाल्याची उदाहरणं आहेत.

## पुराच्या पाण्यात बुडालेलं मशीन

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत चांगली दुरुस्त होऊ शकणारी कितीतरी मशीन उन्हात वाळवून घाईने प्लगला लावली गेली आणि तिथेच जळाली. वरून कोरडं दिसलं तरी वाइंडिंगमध्ये आणि जोडांमध्ये अडकलेला गाळ ओल धरून ठेवतो.

१. घराचं वायरिंग आणि ते सॉकेट वायरमनकडून पास झाल्याशिवाय मशीनचा विचार नको.
२. गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा. हे ऐकून लोक बिचकतात, पण वाळलेला गाळ नंतर निघत नाही.
३. कॅपॅसिटर आणि टायमर बदलायचे, वाचवायचे नाहीत.
४. मोटर काढून वाइंडिंगवाल्याकडे द्या. भट्टीत वाळवून, वार्निश करून, मेगर रीडिंग लिहून मागा. १ मेगाओहमच्या वर नसेल तर बसवू नका.
५. पीसीबी बुडालेली असेल तर खर्चाचा हिशेब आधी करा. मोटर आणि पीसीबी दोन्ही गेल्यावर जुनं मशीन उभं करण्यात सहसा अर्थ राहत नाही.

## टप्पा ९: जोडल्यावर

फोटोशी एकेक वायर ताडून बघा. बेल्टला किंवा फिरणाऱ्या ड्रमला वायर घासत नाही ना, हे हाताने फिरवून पाहा. कव्हर लावा, मग चौथ्या टप्प्यातली पाचवी आणि सहावी चाचणी पुन्हा करा. दुरुस्तीत हिरवी वायर जोडायची राहून जाणं ही नेहमीची चूक आहे. मशीन तिच्याशिवायही व्यवस्थित चालतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

पहिली फेरी रिकाम्या टबमध्ये पाणी घेऊन दहा मिनिटं, शेजारी उभं राहून. नंतर बटण बंद, प्लग बाहेर, आणि प्लगच्या पिनांना हात लावून बघा. कोमट चालतील, चटका बसला तर सॉकेटची पकड अजून सैल आहे. ती दुरुस्त झाली की अर्धा लोड टाका. पूर्ण लोड त्यानंतरच्या धुण्याला.

मशीनच्या तळाला उंदरांसाठी जाळी नसेल तर ती याच वेळी बसवून घ्या. हवा खेळायची भोकं मोकळी ठेवा आणि स्क्रू मोटरच्या वायरींपासून लांब मारा.